गॅस पेटवला आणि स्वयंपाकघर गारठलं

परवा बारावीतल्या एका मुलीच्या वहीत मिथेनच्या ज्वलनाच्या गणिताचं उत्तर होतं: अधिक ८०२ किलोज्यूल प्रति मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, जसं डझन). आकडा बरोबर होता, चिन्ह तेवढं उलटं. रसायनशास्त्रात अधिक म्हणजे अभिक्रियेने भोवतालची उष्णता ओढून घेतली. म्हणजे हिच्या घरी पाइपचा गॅस (तो मिथेनच) पेटवला की चहाचं आधण गोठायला हवं! तसं म्हटल्यावर ती हसली, खोडरबरच्या कोपऱ्याने अधिकातली उभी रेघ पुसली आणि मोकळी झाली. "एकच मार्क गेला असता ना, मॅडम?"

मार्काचं सोड म्हटलं, मला सांग, गॅस जळतो तेव्हा उष्णता येते कुठून?

"बंध तुटतात ना, त्यातून बाहेर पडते."

बंध म्हणजे रेणूतल्या अणूंना जोडून ठेवणारी पकड. हे उत्तर मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. विद्यार्थी सांगतात, पालक सांगतात, 'एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटून ऊर्जा मिळते' असं शिकवणारे आमचे जीवशास्त्राचे सहकारीही सांगतात. आणि ते साफ चूक आहे. बंध तुटताना ऊर्जा कधीच मिळत नाही, मोजावी लागते. ती मिळते नवा बंध जुळताना.

फ्रिजवरचं चुंबक आठवा. ओढून काढायला जोर कोणाला लावावा लागतो? आपल्याला. पुन्हा जवळ नेलं की ते आपणहून झेपावतं आणि टक्कन चिकटतं. त्या 'टक्'मध्ये थोडा आवाज असतो, किंचित उष्णता असते, म्हणजे ऊर्जा बाहेर पडलेली असते. अणूंमधलं आकर्षण वेगळ्या जातीचं, पण हिशोब हाच. दोन अणू बांधलेले आहेत याचा अर्थच असा की सुटं असण्यापेक्षा बांधलेलं असताना त्यांची ऊर्जा कमी आहे. तसं नसतं तर ते बांधलेले राहिलेच नसते.

आता मिथेनचा जमाखर्च मांडू. मिथेनच्या एका रेणूत कार्बन-हायड्रोजनचे ४ बंध, प्रत्येकी ४१३ किलोज्यूल प्रति मोल. सोबत ऑक्सिजनचे २ रेणू, प्रत्येकी ४९८. सगळं तोडायचा खर्च १६५२ अधिक ९९६, म्हणजे २६४८. मग सुटे अणू नव्याने जुळतात. कार्बन डायऑक्साइडमधले २ दुहेरी बंध प्रत्येकी ७९९, पाण्याच्या २ रेणूंमधले ४ बंध प्रत्येकी ४६३. जमा ३४५०. खर्च वजा जाता हाती ८०२. तेवढी ऊर्जा शेगडीला मिळाली म्हणजे रसायनाच्या खात्यातून गेली, म्हणून वजा ८०२. (ज्वाळेत रेणू असे आधी पूर्ण सुटे होऊन मग जुळत नाहीत. ही हिशोबाची सोय आहे. पण अभिक्रिया कोणत्याही वाटेने जावो, सुरुवात आणि शेवट ठरले की ऊर्जेतला फरक तोच राहतो. रसायनज्ञ जर्मेन हेस यांनी हे १८४० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडलं.)

मग तिचं चिन्ह उलटं का आलं? तिने ३४५० मधून २६४८ वजा केले, कारण 'उत्पादितं वजा अभिकारकं' हे सूत्र तोंडपाठ होतं. ते सूत्र खरंच आहे, पण निर्मितीच्या एन्थाल्पीसाठी, म्हणजे मूलद्रव्यांपासून पदार्थ बनतानाच्या उष्णतेसाठी. बंध-ऊर्जा, म्हणजे बंध तोडायला लागणारी ऊर्जा, वापरताना वजाबाकी उलटी होते. दोन सूत्रं, दोन उलट क्रम. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री ती घोकतात आणि सकाळी विसरतात.

मी विहीर काढून दाखवते. गावाकडे विहिरीचं पाणी किती खाली आहे ते काठापासून परसात मोजतात. परस म्हणजे माणूसभर उंची. पाणी ४ परसांवरून ६ परसांवर गेलं, तर आकडा वाढला, पण पाणी उतरलं. बंध-ऊर्जा म्हणजे हे परस. काठ म्हणजे सगळे अणू सुटे असण्याची अवस्था, आणि तिथून खाली मोजलेली खोली. आकडा मोठा म्हणजे रेणू तितका खोल, तितका घट्ट. पातळी किती बदलली हे हवं असेल तर आधीच्या खोलीतून नंतरची वजा करायची: २६४८ वजा ३४५०.

निर्मितीची एन्थाल्पी मात्र समुद्रसपाटीपासून मोजलेल्या उंचीसारखी असते. तिथे शून्य म्हणजे मूलद्रव्यं त्यांच्या नेहमीच्या रूपात: ग्रॅफाइट, ऑक्सिजन वायू, हायड्रोजन वायू. वर असेल ते अधिक, खाली असेल ते वजा. मग साधी 'नंतरची वजा आधीची' पुरते. कार्बन डायऑक्साइड वजा ३९३.५, पाण्याची वाफ वजा २४१.८, ती दोनदा. एकूण वजा ८७७.१. त्यातून मिथेनचे वजा ७४.८ काढले की वजा ८०२.३. वेगळ्या शून्यापासून निघून त्याच पातळीला पोचलो. बंध-ऊर्जा सरासरीच्या असतात, त्यामुळे दर वेळी असा मेळ बसेलच असं नाही. कधी थोडे, कधी बरेच किलोज्यूल इकडेतिकडे होतात.

तक्त्यात मात्र मिथेनसाठी ८९० सापडेल. मधले ८८ कुठले? ८०२ मध्ये पाणी वाफेच्या रूपात धरलंय, ८९० मध्ये द्रवरूपात. २ मोल वाफेचं पाणी होताना ८८ किलोज्यूल सुटतात. गार पाण्याचं पातेलं शेगडीवर ठेवलं की थोडा वेळ त्याला बाहेरून दव धरतं, ते याच ज्वलनातून निघालेलं पाणी.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट ऑक्सिजनच्या त्या ४९८ मध्ये आहे. बंध दुहेरी असूनही इतका स्वस्त! कार्बन डायऑक्साइडमधल्या ७९९ शेजारी ठेवून बघा. आपण म्हणतो इंधनात ऊर्जा साठलेली असते, पण हिशोबाने पाहिलं तर ती बरीचशी ऑक्सिजनच्या या कच्च्या जोडीत आहे. क्लाउस श्मिट-रोर या रसायनज्ञाने २०१५ साली दाखवलं की सेंद्रिय पदार्थ कोणताही जाळा, वापरलेल्या ऑक्सिजनच्या दर मोलमागे साधारण ४१८ किलोज्यूल मिळतात. असं प्रमाण असल्याचं थॉर्नटन या संशोधकाच्या १९१७ सालीच लक्षात आलं होतं. आगीच्या प्रयोगशाळांमध्ये आजही पेटलेल्या खुर्चीची उष्णता थेट न मोजता किती ऑक्सिजन संपला ते मोजतात आणि ग्रॅमला १३.१ किलोज्यूलने गुणतात. उलट नायट्रोजनचा तिहेरी बंध ९४५ चा. तो आणि ऑक्सिजन तोडायला १४४३ लागतात, नायट्रिक ऑक्साइड जुळून परत मिळतात १२६२. सौदा तोट्याचा, म्हणून काडी ओढली की सगळं वातावरण पेट घेत नाही.

ऑक्सिजनवरून आठवलं. होमात १० ग्रॅम गाईचं तूप घातलं की एक टन ऑक्सिजन तयार होतो, असा मजकूर व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी येतो, आणि पाठवणाऱ्यांत विज्ञानाचे पदवीधर असतात. १० ग्रॅमचं एक टन व्हायला ऊर्जेपर्यंतही जावं लागत नाही, तराजू पुरतो. तूप जळताना ऑक्सिजन बनत नाही, खर्च होतो, तोही तुपाच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट. श्रद्धेने होम करा, खिडकी उघडी ठेवा.

तर ती मुलगी. पुढच्या आठवड्यात तिचं प्रात्यक्षिक होतं. थर्मोकोलच्या पेल्यात ५० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात तेवढाच कॉस्टिक सोडा, दोन्ही एक मोलर. पारा २७ वरून ३३.२ वर गेला आणि तिथेच थांबला. १०० ग्रॅम द्रावण, ४.१८ (ग्रॅमभर पाणी एक अंश तापवायला लागणारे ज्यूल), ६.२ अंश: गुणून २.५९ किलोज्यूल. ते ०.०५ मोलचे, म्हणून मोलला ५२. पुस्तकात ५७.३. शेजारच्या बाकावर सगळ्यांची ५७ येत होती, कारण ते उत्तरापासून उलटे जाऊन पाऱ्याचा आकडा लिहीत होते.

"मॅडम, ३३.८ लिहू का?"

मी पेल्याला हात लावायला सांगितलं. बाहेरून कोमट लागत होता.

"पाच इथे गेले का?" तिने विचारलं, आणि वहीत ५२ लिहिलं. आधी वजाचं चिन्ह, मग आकडा.