आवरलं म्हणजे कमी झालं असं नाही (भुऱ्याच्या खेळण्यांची गोष्ट)

गेल्या वर्षी मिरगाच्या आधी आमच्याकडे नेहमीची धावपळ चालली होती, घर शाकारून झालेलं, लाकडं आत घेतलेली, त्याच झटक्यात मी म्हटलं कुत्र्याची खेळणी पण आवरून टाकू. वेंगुर्ल्याच्या बाजारातून झाकणवाला मोठा प्लास्टिकचा डबा आणला, खळ्यातलं (म्हणजे अंगणातलं), पडवीतलं, माच्याखालचं सगळं त्यात कोंबलं, झाकण दाबून बसवलं आणि बहिणीला फोटो पण पाठवला. आई बघून म्हणाली, "कुत्र्याचा दुकान उघडतलंस काय रे?" मी हसलो. जुलैत झाकण उघडलं तेव्हा हसू गेलं, कारण असा वास आला की भुऱ्या स्वतः दोन पावलं मागे सरकला. कापडी बदकावर हिरवट काळी बुरशी, दोरीची गाठ आतून अजून ओली. आणि एवढं करून साहेब चावत होते माझी चप्पलच.

तर झालं काय होतं, मी आवरलं होतं, कमी काही केलंच नव्हतं. आपण मराठीत दोन्हीला "जरा आवर ते" एवढंच म्हणतो म्हणून घोळ होतो. कमी करणं म्हणजे एकेक वस्तू हातात घेऊन ही राहणार की जाणार ते ठरवणं, आवरणं म्हणजे जे राहिलं त्याला जागा देणं. पहिल्यात प्रश्न कुत्र्याच्या पोटाचा आणि दातांचा असतो, दुसऱ्यात तुमच्या पायाचा, म्हणजे अंधारात कशावर तरी पाय पडून तुम्ही आडवे होणार की नाही एवढाच. डबा घेतला की दुसरं काम होतं आणि पहिलं झाल्यासारखं वाटतं, गंमत तीच आहे.

मग एका उघडिपीच्या दुपारी खळ्यात गोणपाट टाकून सगळं ओतलं. एकतीस नग निघाले! त्यातल्या तीन चपला, त्या मी खेळण्यांत मोजल्या नव्हत्या, भुऱ्याने मोजल्या होत्या.

सगळ्यात आधी गेली दोरी. कुत्रा दोरी ओढतो त्यात काही वाईट नाही, पण तिचे धागे सुटायला लागले की तो ते गिळतो, आणि लांब धागा आतड्यात अडकला की परकराच्या नाडीवर कापड चुणतं तसं आतडं त्या धाग्यावर चुणत जातं, मग बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. आपल्याकडे ह्यात दोन घरचे प्रकार आहेत जे कुणी खेळणं म्हणून विकत आणत नाही पण असतात प्रत्येकाकडे: एक नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, आणि दुसरं किनाऱ्यावर सापडलेला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा. सोडण फोडताना भुऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो हे मान्य, पण ते काथ्याचे तंतू घशात आणि पोटात अडकतात, त्यामुळे आता सोडणं थेट चुलीकडे. जाळ्याचे तुकडे तर दिसले की मीच उचलतो.

मग चिवचिव वाजणारी, पोट फाटलेली दोन खेळणी. आतली ती प्लास्टिकची शिट्टी बाहेर डोकावत असेल तर विचार करत बसू नका, गिळायला ती अगदी मापाची असते. टेनिस बॉल चार होते, त्यातला एक ठेवला, तो पण फक्त फेकायला, चघळत बसायला नाही, कारण वरची लोकर दात घासते आणि आपल्या समुद्रावरची वाळू तिच्यात भरली की तो सरळ पॉलिश पेपरच झाला. बॉल किती मोठा हवा, तर तोंडात धरता यावा पण घशात जाऊ नये एवढा. आणि चघळायच्या कडक वस्तूंसाठी सोपी परीक्षा म्हणजे नखाने दाबून बघायचं, नख जरासुद्धा रुतत नसेल तर ती वस्तू दात मोडू शकते. माझी महागातली एक 'हाडका'ची नक्कल ह्यात नापास झाली, जीव थोडा तुटला.

लाल बॉलचं कोडं पण तेव्हाच सुटलं. तो कोराच राहिला होता, मी समजत होतो ह्याला आवडत नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो, आणि आमचं खळं तांबड्या मातीचं! त्याला तो दिसणार कसा? निळा आणला, पहिल्याच संध्याकाळी पळवला.

एकतीसचे राहिले अकरा. आता कुठे आवरणं सुरू.

ह्यात फार डोकं नाही, फक्त कोकणातलं आवरणं पुण्यामुंबईच्या फोटोंतल्यासारखं चालत नाही. तिकडे झाकणाचा डबा छान दिसतो, इथे चार महिने त्यात बुरशीची शेती होते. मी आंब्याच्या हंगामातला जाळीचा प्लास्टिक क्रेट घेतला, हवा खेळते, पाणी निथळतं, आणि तो जमिनीवर नाही तर पडवीतल्या चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवला. उंचावर का, तर एक म्हणजे पावसात अडगळीत फुरसं नाहीतर विंचू येऊन बसतो हे कुणाला सांगायला नको, आणि दुसरं म्हणजे उंदीर. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंमुळे होणारा रोग) पसरतो, ओल्या जागेत ते जंतू टिकून राहतात आणि तो कुत्र्यालाही होतो माणसालाही, त्यामुळे रात्री खळ्यात खेळणी पडून राहू द्यायची नाहीत, लस दिली असली तरी.

आणि एक, कृपा करून त्या क्रेटमध्ये डांबरगोळ्या टाकू नका. आपल्याला ट्रंकेत टाकायची सवय असते, हात आपोआप जातो, पण कुत्र्याला त्या विषारी आहेत. रबराचं धुऊन पुसून ठेवायचं, कापडी असेल ते ऊन पडलं की वाळत, नसेल तर चुलीजवळच्या दांडीवर.

आता ह्या दोन्हींत आणखी एक गोष्ट मिसळते ती म्हणजे खेळणी फिरवणं. बाजूला काढून ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे! अकरातली चार बाहेर, सात माळ्यावर, आठवड्याने बदली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात लॅब्रॅडॉर कुत्र्यांना तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं तेव्हा त्यांचा रस आटत गेला, वेगळं दिलं की परत उसळला. म्हणजे कंटाळा खेळण्याचा नसतो, तेच तेच बघण्याचा असतो. माळ्यावरून उतरलेला जुना बॉल भुऱ्या असा घेऊन पळतो जसा काय मी आत्ताच बाजारातून आणलाय. मग नवीन कशाला आणायचं? (तरी आणतोच मी, जत्रेत हात राहत नाही.)

राहिलं ते बुरशी लागलेलं बदक. नियमाने ते जायला हवं होतं, बाजारात तसलं दुसरं मिळालंही असतं. पण भुऱ्या पिल्लू असल्यापासून ते तोंडात धरून झोपतो. गरम पाण्यातून दोनदा काढलं, तीन दिवस उन्हात टाकलं, बुरशी आणि वास दोन्ही गेल्यावर फाटलेली चोच कापून कड शिवून घेतली. परत दिलं तर ह्याने बराच वेळ नुसतं हुंगलं, जणू ओळखच पटेना, मग चिखलात लोळवून आणलं आणि तोंडात धरून झोपला.

आई रोज सकाळी झाडताना ते बदक उचलून क्रेटमध्ये टाकते. दुपारपर्यंत ते परत त्याच्या गोणपाटावर असतं.