रीच वेगळा आणि बस्ट वेगळा: नाइनर्सच्या जुन्या ड्राफ्ट पिक्सचा हिशोब

एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) जवळ आला की नाइनर्सचे, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे, जुने पिक्स (ड्राफ्टमधले नंबर आणि त्यावर घेतलेले खेळाडू) उकरून काढायचं काम सुरू होतं. बे एरियात मराठी लोक भरपूर, स्टेडियमही सॅन्टा क्लारालाच, त्यामुळे आपल्याकडच्या ग्रुप्सवर पण हा विषय निघतोच, आणि निघाला की एक घोळ हमखास होतो: "रीच" आणि "बस्ट" एकाच अर्थाने वापरले जातात. सॉलोमन थॉमस? रीच. ट्रे लान्स? रीच. जो फसला तो रीच, संपलं. मला हे खूप खटकतं, कारण या दोन गोष्टी एक केल्या की टीमचं नक्की काय चुकलं हे कळतच नाही.

आधी साधा हिशोब. आयपीएलच्या ऑक्शनमध्ये खेळाडूची किंमत रुपयांत दिसते, इथे नंबर हीच किंमत. ३२ टीम, ७ राउंड, आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिला नंबर. जास्त पैसे देऊन कोणाला पळवता येत नाही, पण आपले आत्ताचे आणि पुढच्या वर्षांचे नंबर देऊन वर सरकता येतं. आता एखादा खेळाडू सगळ्यांच्या अंदाजाने तिसऱ्या राउंडचा असेल आणि तुम्ही त्याला पहिल्या राउंडमध्ये उचललात, तर तो रीच. तुम्ही जास्त किंमत मोजलीत, आणि ती त्या रात्रीच मोजून झाली. नंतर तो हॉल ऑफ फेमला गेला तरी त्या रात्री जास्त मोजलीत हे बदलत नाही. बस्ट मात्र त्या रात्री ठरूच शकत नाही. दिलेल्या नंबरच्या मानाने खेळ झाला नाही की बस्ट, आणि ते कळायला तीन-चार वर्षं लागतात. रुकी, म्हणजे नवख्या खेळाडूचं, कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं असतं, पहिल्या राउंडवाल्यांना पाचव्या वर्षाचं ऑप्शन (टीमला हवं तर एक वर्ष वाढवायची सोय) असतं, आणि ते घ्यायचं की नाही हे टीमला तिसरा सीझन संपल्यावर मे महिन्यात ठरवावं लागतं. माझ्या मते खरा निकाल लावायचा तर साधारण तेव्हा.

दोन्ही एकाच माणसात बघायचं असेल तर २०१२ चा ए. जे. जेनकिन्स. इलिनॉय युनिव्हर्सिटीचा रिसीव्हर (पास झेलणारा), ३० व्या नंबरवर घेतला, तेव्हाच लोक म्हणाले की हा एवढ्या वरचा नाही. पहिल्या सीझनमध्ये एकही कॅच नाही, अक्षरशः शून्य, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीला देऊन टाकला. बदल्यात मिळाला जॉन बाल्डविन, म्हणजे त्यांचा २०११ चा फसलेला फर्स्ट राउंड रिसीव्हर. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे गाजलेला रिसीव्हर टी. वाय. हिल्टन ९२ व्या नंबरपर्यंत शिल्लक होता. जेनकिन्स रीचही होता आणि बस्टही, आणि अशा केसेसमुळेच हे दोन्ही एकच आहे असं वाटायला लागतं.

आता सॉलोमन थॉमस घ्या, इथे दोन्ही सुटे होतात. २०१७, जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि हेड कोच काइल शॅनहॅन यांचा पहिलाच ड्राफ्ट. थॉमस डिफेन्सिव्ह लाइनचा (बचावाच्या पुढच्या फळीचा) खेळाडू, स्टॅनफर्डचा, म्हणजे घरचाच पोरगा. आदल्या डिसेंबरमध्ये सन बोल या कॉलेज मॅचमध्ये स्टॅनफर्ड २५-२३ ने पुढे होतं, नॉर्थ कॅरोलायनाला बरोबरीसाठी टू-पॉइंट कन्व्हर्जन (टचडाउन, म्हणजे सहा पॉइंटचा स्कोअर, झाल्यावर दोन जादा पॉइंट मिळवायची संधी) पाहिजे होतं, आणि थॉमसने त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) मिच ट्रुबिस्कीला तिथेच खाली पाडून मॅच संपवली. ड्राफ्टला शिकागो बेअर्सनी त्याच ट्रुबिस्कीसाठी तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर उडी मारली आणि नाइनर्सनी एक जागा खाली सरकून थॉमसला घेतलं. त्या वेळचे बहुतेक मॉक ड्राफ्ट (जाणकारांचे आधीचे अंदाज) त्याला अगदी वरच्या पाच-सहात धरत होते. तो रीच कुठून आला?

पण बस्ट? हो. चार सीझनमध्ये नाइनर्ससाठी फक्त ६ सॅक (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), पाचव्या वर्षाचं ऑप्शन घेतलं नाही, शेवटच्या सीझनला दुसऱ्याच मॅचमध्ये गुडघा गेला. तिसऱ्या नंबरच्या मानाने हे फारच कमी. का झालं, तर टीमकडे डिफेन्सिव्ह लाइनवर आधीच दोन फर्स्ट राउंडवाले होते, २०१५ चा अॅरिक आर्मस्टेड आणि २०१६ चा डिफॉरेस्ट बकनर. थॉमसला आतून खेळायला जी जागा जमली असती तिथे बकनर बसलेला, बाहेरून एजवर (लाइनच्या टोकाला) तो तेवढा चपळ नाही, मग कधी इकडे कधी तिकडे. माणूस नंबरच्या लायकीचाच होता, घर चुकलं. पुढे तो बऱ्याच वर्षं इतर टीम्सकडून खेळत राहिला, म्हणजे खेळाडू टाकाऊ नव्हता, पिक वाया गेला. रीच म्हणून टाकलं की हे सगळं दिसेनासं होतं.

याच व्यवहाराची अजून एक बाजू आहे आणि मला ती सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. ती एक जागा खाली सरकायला बेअर्सनी नाइनर्सना ६७, १११ आणि २०१८ चा थर्ड राउंड पिक दिला. ६७ नंबर नाइनर्सनी न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकला आणि त्यांनी त्यावर पुढे स्टार झालेला रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) ॲल्विन कमारा घेतला. बघून आजही पोटात कालवतं. १११ नंबर सिअॅटलला गेला, रूबन फॉस्टर या लाइनबॅकरसाठी (बचावात लाइनच्या मागे उभा राहणारा) ३१ वर चढायला. आणि २०१८ चा तो थर्ड राउंड पिक झाला ७० वा नंबर, त्यावर आला फ्रेड वॉर्नर, आजच्या घडीचा लीगमधला सगळ्यात भारी लाइनबॅकर, निदान माझ्या मते तरी यावर वादच नाही. म्हणजे थॉमस बस्ट, पण ज्या ट्रेडमधून तो आला तो ट्रेड फायद्याचा! आणि तो फॉस्टर, त्याला तर ३१ वर मिळाला म्हणून लोक स्टील (स्वस्तात पळवलेला माल) म्हणत होते, रीचच्या बरोबर उलटा, आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मैदानाबाहेरच्या प्रकरणांमुळे टीमने त्याला सोडून दिला. स्वस्तात घेतलेला माणूस पण बस्ट होऊ शकतो.

"पण तेव्हा महोम्स होता ना" हे कोणीतरी म्हणणारच. होता, पुढे सुपरस्टार झालेला हा क्वार्टरबॅक १० व्या नंबरवर कॅन्सस सिटीने घेतला, २७ वरून चढून. महोम्स सोडला हे दुःख खरंच आहे, मलाही आहे, पण एक चांगला खेळाडू सोडला म्हणून घेतलेला खेळाडू रीच होत नाही. बाकीच्या टीम्सनी पण सोडलाच होता.

ट्रे लान्स. इथे गाडी जरा सावकाश चालवायला लागते. २०२१ च्या मार्चमध्ये नाइनर्सनी मायामीला १२ वा नंबर, २०२२ आणि २०२३ चे फर्स्ट राउंड आणि २०२२ चा एक थर्ड राउंड पिक देऊन तिसरा नंबर घेतला. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटचा क्वार्टरबॅक, कॉलेज फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनचा. २०१९ मध्ये २८ टचडाउन पास, इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) शून्य, टीम १६-०, आणि मग कोव्हिडमुळे २०२० मध्ये अख्ख्या वर्षात एक मॅच. ड्राफ्टच्या आधी सगळीकडे बातमी होती की नाइनर्स दुसऱ्याच क्वार्टरबॅकला, मॅक जोन्सला, घेणार. लान्सला पहिल्या दहात सगळेच धरत होते, त्यामुळे खेळाडू म्हणून तिसऱ्या नंबरवर तो फार तर थोडासा रीच. पण किंमत फक्त तिसऱ्या नंबरची नव्हती ना, त्या नंबरापर्यंत पोचायला तीन फर्स्ट राउंड पिक्स घातले, आणि ते एका वर्षाचा अनुभव असलेल्या पोरासाठी. माझं स्पष्ट मत, रीच लान्स नव्हता, रीच तो ट्रेड होता. मायामीने त्यातला २०२२ चा पिक रिसीव्हर टायरिक हिलला आणायच्या डीलमध्ये घातला आणि २०२३ चा डिफेन्सच्या ब्रॅडली चबच्या. १२ वा नंबर फिरत फिरत डॅलसकडे गेला आणि त्यावर आला मायकाह पार्सन्स, डिफेन्समधला मोठा स्टार. हे वाचून ज्याला त्रास होत नाही तो नाइनर्स फॅन नाही.

आणि बस्ट का झाला हे परत वेगळं. २०२२ ला त्याला स्टार्टर (मॅच सुरू करणारा मुख्य क्वार्टरबॅक) केलं, दुसऱ्या मॅचला सिअॅटलविरुद्ध घोटा मोडला, सीझन गेला. नाइनर्ससाठी एकूण ४ स्टार्ट्स, मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॅलसने फोर्थ राउंड पिक देऊन नेला. निकाल बस्टच आहे, त्यात दुमत नाही, पण जी माणसं म्हणतात "बघा, मी सांगितलं होतं त्याला जमणार नाही", त्यांना चार स्टार्ट्समध्ये असं काय दिसलं हे मला खरंच कळत नाही. ट्रेड महाग होता हे त्या दिवशी बरोबर सांगता येत होतं. घोटा मोडणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पहिल्या गोष्टीसाठी लिंच आणि शॅनहॅनला जाब विचारायलाच हवा, दुसरीसाठी विचारून उपयोग नाही.

रीच ओळखायचा अजून एक मार्ग म्हणजे पोझिशन बघायची. किकर (गोल मारणारे) आणि पंटर (बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देणारे) सहसा शेवटच्या राउंड्समध्ये जातात, बरेच तर ड्राफ्टमध्ये जातच नाहीत. २०१९ ला नाइनर्सनी चौथ्या राउंडमध्ये ११० व्या नंबरवर मिच विश्नाउस्की हा ऑस्ट्रेलियन पंटर घेतला, लोकांनी डोक्याला हात लावला. रीच होता, नक्कीच होता. पण पुढे सहा सीझन तो टीमचा पंटर होता आणि काम नीट केलं. म्हणजे रीच आहे पण बस्ट नाही, आणि हे कॉम्बिनेशन लोक नेहमी विसरतात कारण नीट चाललेल्या माणसाबद्दल कोणी बोलतच नाही.

तोच हात २०२३ ला जेक मूडीवर मारला, या वेळी किकर आणि तिसरा राउंड, नंबर ९९. सुपर बोल ५८ मध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, या पोराने ५५ यार्डांचा गोल मारून सुपर बोलचं रेकॉर्ड केलं, आणि त्याच मॅचमध्ये कॅन्सस सिटीच्या हॅरिसन बटकरने ५७ मारून ते मोडलं. बटकर सातव्या राउंडचा, २३३ वा नंबर, कॅरोलायनाने घेतलेला आणि त्यांनी ठेवलाही नाही! चौथ्या क्वार्टरमध्ये मूडीचा एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका पॉइंटची किक) ब्लॉक झाला, १७-१३ व्हायचं ते १६-१३ राहिलं, पुढे ओव्हरटाइमला २५-२२ ने हरलो. तरी त्या रात्री त्याने तीन फील्ड गोल मारले होते आणि तेव्हा त्याला बस्ट म्हणणं अन्याय होता. २०२४ मध्ये हात-पाय गळाले, २०२५ च्या पहिल्याच मॅचला सिअॅटलमध्ये २७ यार्डांची सोपी किक खांबाला लागली, एक ब्लॉक झाली, आणि त्याच आठवड्यात त्याला काढला. रीच पहिल्या दिवशीच होता, बस्ट व्हायला दोन वर्षं लागली. दोन्हीत मधे सुपर बोल येऊन गेला.

बस्टचा शिक्का घाईने मारला की काय होतं याचं उदाहरण म्हणजे क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ. २००५ चा पहिला नंबर, आणि पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला एरन रॉजर्स, जो इथेच बर्कलीला खेळत होता, तो २४ पर्यंत घसरला. स्मिथचा पहिला सीझन १ टचडाउन पास आणि ११ इंटरसेप्शन. पहिल्या चार वर्षांत चार ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे कोच), मॅकार्थी, टर्नर, हॉस्टलर, मार्ट्झ, म्हणजे दरवर्षी नवीन प्लेबुक पाठ करायचं, त्यात खांद्याची दुखापत. २००८ ला कोणालाही विचारा, बस्ट. मग जिम हार्बॉ हेड कोच म्हणून आला, २०११ ला टीम १३-३, आणि जानेवारी २०१२ मध्ये प्लेऑफला न्यू ऑर्लीन्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत व्हर्नन डेव्हिसला तो टचडाउन पास, ३६-३२. पुढे कॅन्सस सिटीला जाऊन तीनदा प्रो बोल (लीगच्या निवडक खेळाडूंचा मान). रॉजर्सच्या तुलनेत चुकलंच, पण स्मिथ बस्ट नाही, आणि दोन क्वार्टरबॅकमध्ये तेव्हा मतं विभागलेली होती त्यामुळे तो रीचही नाही. तरी त्याला दोन्ही म्हणणारे आजही भेटतात.

एक गोष्ट मान्य करायला हवी की रीच हा आपला बाहेरून बांधलेला अंदाज असतो. प्रत्येक टीमची स्वतःची यादी असते आणि ती आपल्याला कोणी दाखवत नाही. कदाचित लगेच पुढच्या नंबरवरची टीम त्याला घ्यायला टपलेली असेल. म्हणून मी पब्लिक बोर्डपेक्षा (बाहेरच्या जाणकारांच्या याद्यांपेक्षा) पोझिशन आणि ट्रेडची किंमत यावर जास्त भरवसा ठेवतो, त्या दोन गोष्टी लपत नाहीत.

ब्रॉक पर्डीचं नाव घेतल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. क्वार्टरबॅक, २०२२, २६२ वा नंबर, अख्ख्या ड्राफ्टचा शेवटचा. त्या वर्षी लान्सच्या ट्रेडमुळे नाइनर्सकडे फर्स्ट राउंड पिकच नव्हता. डिसेंबरमध्ये तेव्हाच्या क्वार्टरबॅकचा, जिमी गारोपोलोचा, पाय मोडला, पर्डी आत आला आणि ती मॅच होती मायामीविरुद्धच. २०२५ ला ५ वर्षांचं २६.५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. पण याचं श्रेय देताना पण तोच नियम लावा. टीमला तो एवढा भारी वाटला असता तर २६२ पर्यंत थांबली नसती, त्याच्या आधी त्यांनी स्वतःच आठ खेळाडू घेतले होते. निकाल अफाट, निर्णय ठीकठाक.

आणि आता मायकेल विल्यम्स. २०२५ चा ११ वा नंबर, जॉर्जियाचा एज रशर (टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा), त्याच आसपास जाईल असं सगळेच म्हणत होते, रीच नाही. नोव्हेंबरमध्ये जायंट्सविरुद्ध गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि लगेच ग्रुप्सवर "अजून एक बस्ट" सुरू झालं. त्याच्या पाचव्या वर्षाच्या ऑप्शनचा निर्णय २०२८ च्या मे महिन्यात आहे. तोपर्यंत त्याला नीट चालू-पळू दे, खेळू दे.