वेल नसलेला वेलगुलाब

साताऱ्याला मावशीच्या फाटकावर एक गुलाब आहे. वीसेक वर्षांपूर्वी नर्सरीतून आणला तेव्हा तो लाल होता, दांडीला एकेक टपोरं फूल देणारा. आज तो फाटक ओलांडून शेजारच्या पेरूत शिरलाय आणि वर्षातून एकदा, शिमग्याच्या आसपास, पांढऱ्या बारीक फुलांचे घोस धरतो. एरवी नुसता पाला. "माझ्या गुलाबाचा वेल झाला," असं मावशी कौतुकाने सांगते. झालंय ते वेगळंच. त्याकडे शेवटी येतो, कारण ते कळायला वेलगुलाबाची कुळकथा थोडी माहीत असावी लागते.

मुळात गुलाब हा वेल नाहीच. त्याला काकडीसारखे तणावे नाहीत, मनीप्लांटसारखी आधार धरणारी मुळं नाहीत, गोकर्णासारखा तो काठीला विळखाही घालत नाही. त्याच्याकडे आहेत ते फक्त काटे, तेही खाली वळलेले, आकड्यासारखे. रानातला लांब फांद्यांचा गुलाब दुसऱ्या झाडाच्या फांद्यांतून वर घुसतो, आणि वाऱ्याने मागे घसरायला लागला की काटे अडकतात. हिमालयात कूजा नावाचा पांढरा रानगुलाब असाच झाडांच्या शेंड्यापर्यंत जातो आणि उन्हाळ्यात सगळं झाडच पांढरं करून टाकतो. घराच्या भिंतीवर असं अडकायला काही नसतं. म्हणून वेलगुलाब 'चढत' नाही, त्याला आपण बांधतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रानातले हे लांब वाढणारे गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात. एका वर्षी फांदी वाढवायची, पुढच्या वर्षी तिच्यावर फुलायचं, असा त्यांचा हिशेब. उलट सतत फुलणारे गुलाब ठेंगणे राहतात, कारण प्रत्येक नवी फूट वीतभर वाढून लगेच कळीवर येते. लांबी हवी तर फुलं कमी आणि फुलं हवीत तर लांबी कमी, या ओढाताणीतूनच वेलगुलाबाचा दोनशे वर्षांचा इतिहास घडला आहे.

सतत फुलणारे गुलाब माणसाला चीनमधल्या बागांतून मिळाले. तिथे कधीतरी फुलोरा रोखून धरणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला आणि तो रोध कायमचा बंद पडला. झाड फुलत सुटलं, आणि तेवढ्यापायी बुटकंही झालं. चिनी माळ्यांना अर्थातच जनुकाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी बारमाही फुलणारं झाड पाहिलं आणि जपलं. कारण उलगडलं ते 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून.

अठराव्या शतकाच्या शेवटी हे गुलाब युरोपात पोचले, आणि त्या वाटेवर आपलं कलकत्ता होतं. चीनहून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथे थांबत, दमलेली रोपं शिबपूरच्या 1787 मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात जीव धरत आणि मग पुढे जात. कंपनीचे एक संचालक स्लेटर यांच्याकडे 1792 च्या सुमारास किरमिजी चिनी गुलाब फुलला, आणि वर्षभरात पार्सन्स यांच्या नावाचा गुलाबी आला. फ्रेंचांनी तर या सगळ्यांना सरळ 'बंगालचे गुलाब' म्हणायला सुरुवात केली. बिचाऱ्या बंगालचा त्यात वाटा बंदराएवढाच.

आता दोन्ही गुण एका झाडात आणायचे होते. ते युरोपात नाही, अमेरिकेत घडलं. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनजवळ जॉन चँपनीज नावाचे भातशेतीवाले जमीनदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या बागेत गुलाबी चिनी गुलाब आणि लांब वाढणारा कस्तुरी गुलाब यांचा संकर उभा राहिला, झुपक्यांनी फुलणारा. त्याच शहरातल्या फिलिप नॉइझेत यांनी त्यापासून पुढची रोपं काढली आणि पॅरिसमधल्या आपल्या भावाकडे धाडली. घराण्याला नाव लागलं नॉइझेत यांचं. चँपनीज यांच्या वाट्याला फक्त पहिल्या झाडाचं नाव आलं.

या घराण्यातला 'मारेशाल नील' 1864 चा, लोण्यासारख्या पिवळ्या रंगाचा. त्याच्या फुलाची मान लवचीक, त्यामुळे फूल खाली झुकतं. फुलदाणीत हा दोष ठरतो. पण डोक्यावरच्या मांडवातून तेच फूल तुमच्याकडे बघतं, आणि वेलगुलाबात याहून मोठा गुण मला तरी सांगता येणार नाही. थंडी न सोसणारा असल्याने इंग्रजांना तो काचघरात वाढवावा लागे. आपल्याकडे काचघराची गरज नाही, हे आपलं नशीब.

थंड देशांची वाट मग जपानकडून गेली. 1878 मध्ये टोकियोत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या रॉबर्ट स्मिथ यांनी तिथला एक लाल, घोसांचा गुलाब मायदेशी पाठवला. आधी त्याचं नाव चक्क 'द इंजिनियर' होतं. 1893 मध्ये इंग्लंडमधल्या स्लाउच्या टर्नर नर्सरीने तो 'क्रिमसन रॅम्बलर' म्हणून बाजारात आणला आणि घरोघरी त्याच्या कमानी उभ्या राहिल्या. वर्षातून एकदाच फुलायचा, आणि भुरी तर अशी धरायचा की पानं पीठ चाळल्यासारखी दिसत. तरी लोकांनी तो वर्षानुवर्षं लावला. पुढे विचुरा या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, जमिनीवर सरपटणारा तुकतुकीत पानांचा दुसरा जपानी गुलाब संकरात आला. 1901 चा 'डोरोथी पर्किन्स' हा त्याचाच वंश.

त्याच गोतावळ्यातला 'डॉ. व्हॅन फ्लीट' हा गुलाब 1910 मध्ये आला. दमदार वाढ, मोत्यासारखी फिकट गुलाबी फुलं, आणि पुन्हा तीच अडचण: बहर एकदाच. पण न्यू जर्सीच्या एका नर्सरीत याच जातीचं एक झाड आपोआप बदललं आणि बहर सरल्यावरही फुलत राहिलं. 1930 मध्ये ते 'न्यू डॉन' नावाने बाहेर पडलं. अमेरिकेत नुकताच वनस्पतींना पेटंट देणारा कायदा झाला होता, आणि 18 ऑगस्ट 1931 रोजी त्या कायद्याखालचं पहिलं पेटंट, क्रमांक एक, या गुलाबाला मिळालं. संकर कोणी केला नव्हता. निसर्गाने फांदी बदलली आणि माणसाने ती ओळखली, एवढ्यावर पेटंट!

उलटी उडीही होते, आणि आपल्या नर्सऱ्यांत 'क्लाइंबिंग' म्हणून मिळणारे कितीतरी गुलाब त्यातलेच. नेहमीच्या झुडपी गुलाबाची एखादी फांदी अचानक लांबच लांब सुटते, तिचा डोळा (फुटीची कळी) दुसऱ्या मुळावरच्या गुलाबात बसवून, म्हणजे डोळा भरून, नवं झाड तयार करतात. 1945 मध्ये बाजारात आलेल्या 'पीस' या झुडपी गुलाबाचा असा लांबसडक अवतार 1950 चा. ज्या चिनी गुलाबावर 2012 चं संशोधन झालं, त्याच्या लांब वाढणाऱ्या अवतारात तो उपरा तुकडा जवळजवळ निघून गेलेला आढळला. म्हणजे फुलोऱ्याचा रोध परत आला, झाड उंच झालं, आणि फुलणं वर्षातून एकदाच उरलं. सगळे अवतार इतके टोकाला जात नाहीत, पण मूळ झुडपाइतकी फुलं त्यांच्याकडून मागणं जरा अन्यायच. पहिली दोन वर्षं त्यांना खोल छाटू नये, नाहीतर झाड परत झुडूप व्हायचा धोका असतो.

एक धागा थेट आपल्या देशातला आहे. 1882 मध्ये मणिपूरच्या डोंगरात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॅट यांना एक रानगुलाब दिसला, मोठ्या झाडांवर चढलेला, वीतभर नाही तरी तळहाताएवढ्या फुलांचा. पुढे त्याचं शास्त्रीय नावच 'जायगँटिया' झालं. चहाच्या वासाचे म्हणून गाजलेल्या चिनी गुलाबांच्या पूर्वजांत हाच आहे. ऑस्ट्रेलियात ॲलिस्टर क्लार्क यांनी त्याच्यापासून 'नॅन्सी हेवर्ड'सारखे उष्ण हवेत रमणारे वेलगुलाब काढले. आपल्याकडे ते काम मनावर घेतलं ते सनदी नोकरीतून निवृत्त झालेल्या विरू वीरराघवन यांनी, कोडाईकनालमध्ये. आमच्या नर्सऱ्यांत मात्र युरोपातल्या नावांच्याच पाट्या, याचं मला वाईट वाटतं.

आता ओढाताण लक्षात ठेवून अंगणात या. वेलगुलाबाची फांदी सरळ वर सोडली की शेंडा सगळा जोर खातो आणि फुलं दुसऱ्या मजल्यावरच्यांना दिसतात. तीच फांदी आडवी वाकवली की शेंड्याची दादागिरी संपते, प्रत्येक डोळा जागा होतो आणि बारक्या फुटींवर कळ्या येतात. फांदी कोवळी असतानाच वाकवायची, जुनी झाली की मोडते. सुतळी आठाच्या आकारात आणि सैल बांधायची, काचली तर पावसाळ्यात तिथेच सड लागते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, मुख्य फांद्यांना हात न लावता फक्त बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर कापायच्या. एकदाच फुलणारा असेल तर तेव्हा त्याही कापायच्या नाहीत. त्याची छाटणी बहर उतरल्यावर लगेच, कारण पुढच्या वर्षीची फुलं यंदाच्या फांदीवर येणार असतात. आमच्या सोसायटीच्या माळ्याने एकदा सगळ्यांबरोबर त्यालाही दिवाळीआधी भादरला. त्या वर्षी कमानीवर फक्त सुतळी होती.

आणि मावशीचं झाड. गेल्या खेपेला मी त्याचं एक पान तोडून देठाचं बूड उजेडात धरलं. तिथे दोन्ही बाजूंना जी हिरवी पट्टी चिकटलेली असते, तिची कड बारीक फणीसारखी कातरलेली होती. ही खूण मल्टिफ्लोराची, म्हणजे 'क्रिमसन रॅम्बलर' ज्या जपानी रानगुलाबाच्या कुळातला, त्याची. आपल्याकडे डोळे भरायला खुंट म्हणून, म्हणजे मुळं देणारं खालचं झाड म्हणून, तो वापरतात. वरचा लाल गुलाब कधीतरी मेला असणार, आणि खुंटाच्या फुटीने फाटक काबीज केलं. मावशीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता कापायचा का रे?" मी नको म्हटलं. पेरूवाल्या शेजाऱ्यांना तेवढं विचारून ठेव म्हटलं.