वैयक्तिक लेखनाचे खासगीपण

रोजनिशी, पत्र, वंशावळीतील नोंद किंवा ब्लॉग असे स्वतःविषयीचे लेखन कोणी वाचावे, कशासाठी वापरावे आणि लिहिणाऱ्याची ओळख कितपत उघड करावी, यासंबंधीचा हक्क व संकेत. कुलूपबंद रोजनिशीबद्दल सहसा दुमत नसते. वाद होतो तो लिहिणाऱ्याने स्वतःच चारचौघांपुढे ठेवलेल्या मजकुराबद्दल.

नाशिकमध्ये हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. रामकुंडावर श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला किंवा सिंहस्थात स्नानाला आलेला यजमान आपल्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे जातो. गुरुजी आडनाव आणि मूळ गाव विचारतात, वही काढतात आणि आजोबा-पणजोबांचा लेख समोर ठेवतात. जुने लेख मोडीत असतात. त्यात यजमान आपले, भावांचे, मुलाबाळांचे नाव आणि कोणाच्या कार्यासाठी आलो ते लिहून खाली सही करतो. हे लेखन गुप्त नाही. पुढच्या पिढीने आणि भाऊबंदांनी वाचावे म्हणूनच ते केलेले असते. तरी वही कोणीही उठून चाळावी अशी नसते, पाहणाऱ्याला आधी आपले कूळ सांगावे लागते. वारसाहक्काच्या वादात असे लेख पुरावा म्हणून न्यायालयापुढे येतात आणि घरापुरते लिहिलेले नातेसंबंध तिऱ्हाइतांच्या चर्चेचा विषय होतात.

दुसरे उदाहरण टपालाचे. नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात, म्हणजे नाशिककरांच्या ‘प्रेस’मध्ये, पोस्टकार्डही छापले गेले आणि अंतर्देशीय पत्रही. कार्ड पोस्टमन वाचू शकतो, शेजारीही वाचू शकतो, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून उसनवारी, सोयरिकीची बोलणी, सासरचा जाच यांबद्दल कार्डावर एवढेच येई : ‘बाकी समक्ष भेटीअंती’. निधनाची वार्ता असली तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे. मजकूर वाचण्याआधीच घराला कळे. उघड्या कागदावरही काय झाकायचे हे लिहिणारा ठरवत होता आणि वाचणारा ते मानत होता.

कायद्याची भूमिका अशी एकसारखी नाही. लंडनच्या उच्च न्यायालयाने २००९ मध्ये टोपणनावाने ब्लॉग लिहिणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याची ओळख वृत्तपत्राला छापू दिली. ब्लॉगलेखन ही मुळातच सार्वजनिक कृती आहे, असे न्यायमूर्ती ईडी यांनी म्हटले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात कुटुंब, विवाह, शिक्षण यांविषयीचा मजकूर संमतीशिवाय छापता येत नाही, असे सांगितले. मात्र सार्वजनिक अभिलेखांतील माहितीला त्यातून वगळले. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. माणूस सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्याने त्याचे खासगीपण संपत नाही, हा विचारही त्या निकालात आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला तो लागू होत नाही, आणि कायद्यातच दिलेले उदाहरण ब्लॉग लिहिणाऱ्या व्यक्तीचे आहे. ही तरतूद फार ढोबळ आहे. आजारपणाविषयी किंवा मोडलेल्या संसाराविषयी समदुःखी वाचकांसाठी लिहिणाऱ्या बाईने ती माहिती विमा कंपनीच्या, नोकरी देणाऱ्याच्या हवाली केली, असा अर्थ त्यातून निघू शकतो. तो तिच्यावर अन्याय आहे.

अशा लेखनाला स्वामित्वहक्काचा आधार उरतो. १९५७ च्या कायद्यानुसार पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, पण मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर तो हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. उघड्यावर ठेवलेला मजकूरही त्यामुळे फुकट उचलण्याचा माल होत नाही. मात्र हा हक्क शब्दरचनेपुरता असतो, त्यातल्या माहितीला तो राखत नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनाही आता मोबाइलचा कॅमेरा लागला आहे. आपल्या पणजोबांच्या सहीसाठी काढलेल्या एका फोटोत त्याच पानावरच्या चुलत घराण्यांची हयात नावे येतात. तो फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी त्यांना विचारण्याची रीत अजून पडलेली नाही.