निरपेक्ष दायित्व

धोकादायक उद्योगातून वायुगळती, स्फोट किंवा विषारी सांडपाणी यांमुळे लोकांची हानी झाली, तर चूक कोणाची या वादात न पडता तो उद्योग चालवणाऱ्या कंपनीने भरपाई दिलीच पाहिजे, असे सांगणारे भारतीय कायद्यातील तत्त्व.

४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात ओलियमची (धूर सोडणाऱ्या तीव्र सल्फ्युरिक आम्लाची) टाकी ज्या सांगाड्यावर बसवली होती, तो कोसळला आणि टाकी फुटली. तीस हजारी न्यायालयातील एक वकील त्या वायूने दगावला. भोपाळच्या दुर्घटनेला जेमतेम वर्ष झाले होते. तोवर अशा दाव्यांना आधार होता तो इंग्लंडमधील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) या निकालाचा. तलावाचे पाणी शेजारच्या कोळसाखाणीत शिरल्याचे ते प्रकरण; चूक नसतानाही तलावाच्या मालकाला जबाबदार धरले गेले. त्यात दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य अशा पळवाटा होत्या. भोपाळच्या कारखान्यामागील युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीनेही पुढे एका कामगाराच्या घातपाताकडेच बोट दाखवले.

डिसेंबर १९८६ मध्ये, श्रीराम गळतीशी संबंधित एम. सी. मेहता खटल्यात, सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने या सगळ्या पळवाटा बंद केल्या. त्याहून मोलाचे म्हणजे, कंपनी जितकी मोठी आणि सधन, तितकी भरपाई जास्त, असे ठरवले. बड्या कंपनीला किरकोळ रक्कम हा धंद्यातला एक खर्चच वाटतो. जरब बसते ती ताकदीच्या प्रमाणात मोजायला लावल्यावर.

भोपाळच्या पीडितांना मात्र याचा लाभ मिळाला नाही, आणि हे या तत्त्वाच्या इतिहासातील सर्वांत मोठे अपयश आहे. सरकारचा दावा ३ अब्ज डॉलरहून अधिक होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मेहता निकालातील हा भाग बंधनकारक नाही, असेही काही न्यायमूर्तींनी नंतर म्हटले. राजस्थानातील बिछडी प्रदूषण प्रकरणात, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा ठामपणे उचलून धरला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात (२०१०) दोष सिद्ध न करताही भरपाईची तरतूद आली.

मूळ परदेशी कंपनीचा प्रश्न तसाच राहिला. भोपाळच्या उपकंपनीत युनियन कार्बाइडचे ५०.९ टक्के भागभांडवल होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मूळ कंपनीवरच २५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई बसवली होती. सर्वोच्च न्यायालयात अपील चालू असतानाच तडजोड झाली आणि त्या मुद्द्यावर निकाल लागलाच नाही.