निळं किती, तपकिरी किती

‘एआयने कॅन्सर ओळखला, आता पॅथॉलॉजिस्ट कशाला?’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याआधी क्यूपाथ वापरून बघा. सूक्ष्मदर्शकाच्या स्कॅन केलेल्या स्लाइडवर पेशी मोजणारं, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कोडही खुला आहे. ते ‘फक्त संशोधनासाठी’ असं त्याचे कर्तेच सांगतात. आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते मोजणीला मदत करतं, रिपोर्टवर सही डॉक्टरांचीच.

मोजायचं काय? स्तनाच्या गाठीचा सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा काप घेऊन त्यावर केआय-६७ या प्रथिनाची चाचणी करतात. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची हिमॅटॉक्सिलिन या रंगाने निळी. शेकडा किती तपकिरी, यावरून गाठीच्या वाढीचा अंदाज येतो.

पण तपकिरी केंद्रकातही खाली निळा रंग असतोच, आणि संगणकाकडे असतात तीनच आकडे: लाल, हिरवा, निळा. ही सरमिसळ सोडवायची रीत रुईफ्रोक आणि जॉन्स्टन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडली, आणि मला ती फार आवडते. रंगाच्या एका थरातून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर दोन थरांतून पाव, तिनांतून अष्टमांश. थर बेरजेने वाढतात, प्रकाश गुणाकाराने घटतो. म्हणून लॉगॅरिथम घ्यायचा, की गुणाकाराची बेरीज होते. हीच ऑप्टिकल डेन्सिटी. हिमॅटॉक्सिलिन लाल प्रकाश जास्त शोषतं, डॅब (चाचणीतला तपकिरी रंग) निळा. दोघांची शोषणाची गुणोत्तरं माहीत असली, की उरतात दहावीतली एकसामयिक समीकरणं! गुणोत्तरांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त घेऊन प्रत्येक पिक्सेलच्या डेन्सिटीला गुणलं, की दोन्ही रंग सुटे. (डॅब प्रकाश विखुरतोही, म्हणून त्याच्या गडदपणावरून प्रथिन नेमकं किती हे काढू नये.)

ही गुणोत्तरं रंगाच्या बाटलीगणिक, स्कॅनरगणिक बदलतात, म्हणून ती आपल्याच स्लाइडवरून घ्यावी लागतात. गाठीच्या पेशी कोणत्या आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कोणत्या, हेही आपल्याच स्लाइडवर खुणा करून सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलला शिकवायचं. घरचं मॉडेल हवं ते यासाठी, आणि रुग्णाची स्लाइड बाहेर जात नाही म्हणूनही.

एकदा आमच्याकडे टक्केवारी भलतीच वर गेली. बघतो तर कापाला घडी पडलेली. घडीत ऊती दुहेरी, डेन्सिटीही दुप्पट. पार्श्वभूमीचा फिका तपकिरीपणा ‘तपकिरी’ म्हणून मोजायची मर्यादा ओलांडून गेला होता. घडीभोवती रेघ मारून तो भाग वगळला, पुन्हा मोजलं, आकडा खाली आला. मग टेक्निशियनने ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मायक्रोटोमवर, म्हणजे काप घ्यायच्या यंत्रावर, चढवून नवा काप घेतला.