बेशुद्ध माणसाचे दात कशासाठी घासायचे?

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्या परळमधील एका रुग्णालयात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूच्या दारात सिस्टरने आतेभावाच्या हातात सामानाची चिठ्ठी ठेवली. डायपर, हातमोजे, ओले टिश्यू आणि सर्वांत शेवटी ‘लहान मुलांचा मऊ ब्रश – १’. ती चिठ्ठी घेऊन भाऊ माझ्याकडे आला तो थोडा चिडूनच. “आईला शुद्ध नाही, तीन दिवसांत पाण्याचा थेंब तोंडात गेलेला नाही, जे काही अन्न आहे ते नाकातल्या नळीतून थेट पोटात जातं. मग घासायचं काय?” सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक होते, पण त्याचे उत्तर कॅन्टीनमधला चहा संपेपर्यंत आटोपणारे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहे.

आपल्याकडे तोंडाची अस्वच्छता म्हणजे उष्टे तोंड. खाल्ले की तोंड उष्टे होते, चूळ भरली की ते शुद्ध होते, आणि ज्याने काही खाल्लेच नाही त्याच्या तोंडात घाण येणार कुठून, असा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात तोंड स्वच्छ राहते ते प्रामुख्याने लाळेमुळे, आणि लाळेला सर्वांत मोठी चालना मिळते ती चावण्यामुळे. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि दिवसभरात शेकडो वेळा आपण ती नकळत गिळतो. म्हणजे तोंड सतत धुतले जात असते. शिवाय लाळेत जिवाणूंची भित्तिका फोडणारे लायसोझाइम असते, जिवाणूंच्या तोंडचे लोह पळवणारे लॅक्टोफेरिन असते, प्रतिपिंडे असतात आणि बुरशीला आवर घालणारी हिस्टॅटिन नावाची लहान प्रथिनेही असतात. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे तोंड नळीमुळे सतत उघडे राहते, झोपेची व वेदनाशामक औषधे लाळ आटवतात, चावणे बंद असते आणि गिळणेही जवळजवळ थांबलेले असते. न खाणाऱ्या माणसाचे तोंड त्यामुळे खाणाऱ्यापेक्षा लवकर खराब होते.

इथवर गोष्ट सोपी आहे. या विषयाकडे मला ओढून नेणारा भाग मात्र याच्या पुढचा आहे, आणि त्यासाठी गालाच्या आतल्या एका पेशीच्या पृष्ठभागापर्यंत जावे लागेल.

आपल्या तोंडात सुमारे ७०० प्रजातींचे जिवाणू आढळतात. गालाच्या आतल्या बाजूला मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस कुळातील जिवाणू वस्ती करून असतात. हे ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली शोधलेल्या, जिवाणूंना रंग देण्याच्या पद्धतीत जांभळे दिसणारे, आणि बहुतांशी निरुपद्रवी. स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही मंडळी ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे त्या पद्धतीत जांभळी न दिसणारी. आपल्या देशातल्या अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया करणारे जंतू बहुधा हेच, आणि अनेक प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. निरोगी माणसाच्या घशात ते क्वचितच टिकतात. १९६९ साली अमेरिकेतील जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आजार जितका गंभीर, तितके हे ग्रॅम-निगेटिव्ह दंडाकृती जिवाणू घशात सापडण्याचे प्रमाण जास्त. रुग्णालयाच्या हवापाण्यात ते असतातच, हे खरे. पण त्याच रुग्णालयात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या धडधाकट माणसांच्या घशात ते मुक्काम करत नाहीत. मग आजारी माणसाच्या घशात असे काय बदलते?

याचे एक सुंदर उत्तर फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनात दडलेले आहे. गालाच्या पेशींवर या प्रथिनाचा पातळ लेप असतो. स्ट्रेप्टोकॉकसना नेमके या लेपालाच चिकटता येते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना चिकटण्यासाठी लागणारे ग्राहक-रेणू मात्र लेपाच्या खाली झाकलेले असतात. शरीर गंभीर आजाराशी झुंजत असताना लाळेतील प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे (एन्झाइमांचे), म्हणजे प्रोटिएझांचे, प्रमाण वाढते. यांतील एक म्हणजे इलास्टेझ, जे आपल्याच पांढऱ्या पेशींमधून बाहेर पडते. ही विकरे फायब्रोनेक्टिनचा लेप खरवडून टाकतात, स्ट्रेप्टोकॉकसचा आधार सुटतो, खालचे ग्राहक-रेणू उघडे पडतात आणि स्यूडोमोनासला बसायला जागा मिळते. १९८० च्या सुमारास याची पडताळणी झाली ती अगदी साध्या रीतीने : निरोगी माणसांच्या गालाच्या पेशी घेऊन त्यांवर ट्रिप्सिन या विकराची क्रिया केली, तेव्हा फायब्रोनेक्टिन निघून गेले आणि त्याच पेशींना स्यूडोमोनास कितीतरी अधिक संख्येने चिकटू लागले. रोगप्रतिकारासाठी धावलेल्या पेशींच्याच विकरांनी घराचा गिलावा उतरवावा आणि परक्याला भिंतीत खुंटी मिळावी, असा हा प्रकार आहे. त्यात प्रतिजैविके सुरू असतील तर जुने रहिवासी आणखी वेगाने हद्दपार होतात.

गालावर हे घडत असताना दातांवर दुसरी तयारी चाललेली असते. दात स्वच्छ केल्यानंतर काही मिनिटांतच त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा धरतो, त्यावर जिवाणू बसतात, ते स्वतःभोवती चिकट शर्करायुक्त जाळे विणतात आणि प्लाक तयार होतो. हॉलंडच्या लेवेनहूक यांनी १६८३ साली रॉयल सोसायटीला कळवले होते की, रोज सकाळी मिठाने दात घासूनही दातांच्या फटींतल्या पांढऱ्या लगद्यात त्यांना असंख्य हलणारे जीव दिसले. अतिदक्षता विभागात याच लगद्यात परकी मंडळी घर करतात. १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात अतिदक्षता विभागातील ६५ टक्के रुग्णांच्या तोंडात, मुख्यतः प्लाकमध्ये, श्वसनमार्गाला घातक जंतूंनी ठाण मांडलेले आढळले. दंतचिकित्सालयात नेहमीच्या तपासणीला आलेल्या लोकांत हे प्रमाण १६ टक्के होते. प्लाकच्या जाळ्यात प्रतिजैविके नीट शिरत नाहीत, त्यामुळे शिरेतून कितीही भारी औषध दिले तरी हा साठा बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो.

आता हा साठा तोंडातून फुप्फुसात उतरतो कसा? श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या टोकाजवळ एक लहान फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. (खोकल्यातल्या कफाशी त्याचा संबंध नाही; आयसीयूत मात्र दोन्ही शब्द एकाच वाक्यात ऐकू येतात.) तो फुगवून नळी आणि श्वासनलिका यांमधली फट बुजवतात. ज्यांनी पावसाळ्यात मुंबईतला पाण्याने तुंबलेला हिंदमाताचा चौक पाहिला आहे त्यांना पुढचे चित्र सहज दिसेल : वरून येणारी लाळ या फुग्याच्या डोक्यावर साचते, तिला निचरा नाही, आणि ती तासन् तास तिथेच तुंबून राहते. फुग्याचा व्यास श्वासनलिकेपेक्षा मोठा असल्याने फुगवल्यावर त्याला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांमधून ही लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. दाब वाढवून चुण्या मिटवाव्यात, तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून तो २० ते ३० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतकाच ठेवतात. काही नळ्यांना फुग्याच्या वर उघडणारी वेगळी शोषणवाहिनी असते, ती हिंदमाताच्या पंपाचेच काम करते. झोपेत तोंडातले थोडेफार स्राव फुप्फुसात उतरणे ही तशी आपल्यापैकी सुमारे निम्म्या लोकांच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे, पण आपली लाळ सौम्य असते आणि आपल्याला खोकता येते. नळी घालून ४८ तास उलटल्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरशी निगडित मानतात, त्यामागे ही सगळी साखळी आहे.

मग तोंडात जंतुनाशक ओतले की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि वैद्यकालाही दोन दशके तसेच वाटत होते. १९९६ साली हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणाने संसर्ग घटला आणि ते जगभरच्या आयसीयूंमध्ये रूढ झाले. २०१४ साली सगळ्या चाचण्यांचे एकत्रित पुनर्विश्लेषण झाले तेव्हा दिसले की हृदयशस्त्रक्रियेखेरीज इतर रुग्णांत, काटेकोर चाचण्यांपुरते पाहिल्यास, ठोस फायदा उरत नाही. उलट मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असल्याची शंका आली. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी क्लोरहेक्सिडिन वगळून दात घासण्याची शिफारस केली. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात रोज ब्रश केलेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयात जडणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला, हा लाभ मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना मिळाला, आणि दिवसातून तीनदा घासल्याने दोनदा घासण्यापेक्षा अधिक काही साधले नाही. या चाचण्यांची एक मर्यादा उघड आहे : घासणाऱ्या सिस्टरपासून ब्रश लपवता येत नाही. तरीही निष्कर्ष पटण्याजोगा वाटतो, कारण प्लाकचे जाळे तोडायला रसायनापेक्षा घर्षण लागते. ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे छापलेल्या बाटल्या आणि तेलाच्या गुळण्यांनी फुप्फुसे शुद्ध करणारे व्हॉट्सॲपवरचे संदेश यांना या घर्षणाचे महत्त्व ठाऊक नसावे.

याच ओघात एक नाजूक बाब सांगितली पाहिजे. भेटीच्या वेळेत नातेवाईक तीर्थाचा चमचा, गंगाजल किंवा अंगाऱ्याचे पाणी रुग्णाच्या ओठांत सोडण्याचा प्रयत्न करतात. भावना समजते, परंतु गिळू न शकणाऱ्या माणसाच्या तोंडात सोडलेला कोणताही द्रव त्या फुग्याच्या डोक्यावरच जाऊन साचतो.

आत्यांचे दात घासताना मी काचेतून पाहिले. खाटेचे डोके उंचावलेले होते. सिस्टरने आधी लहानशा दाबमापकाने फुग्याचा दाब तपासला, ब्रदरने नळी ओठांपाशी घट्ट धरली, मग ब्रश निर्जंतुक पाण्यात बुडवून खालचे दात, हिरड्या आणि जीभ, शेजारी सक्शनची नळी सतत घरघरत ठेवून, तीनचार मिनिटे घासली. शेवटी ओठांना पेट्रोलियम जेली. ब्रश धुतला तोही निर्जंतुक पाण्याने, कारण रुग्णालयाचे नळ आणि बेसिन ही स्यूडोमोनासची आवडती ठिकाणे. गुटख्याने जबडा आखडलेला रुग्ण असला की हे काम फार अवघड होते, असे सिस्टर नंतर म्हणाल्या. आत्यांची मिश्रीची सवय त्यांनी हिरड्यांवरूनच ओळखली होती. दात हे उरलेल्या शरीरापासून वेगळे खाते आहे, ही समजूत १८४० साली बाल्टिमोर येथे जगातले पहिले स्वतंत्र दंतवैद्यक महाविद्यालय निघाल्यापासून पक्की होत गेली असावी. त्या काचेपलीकडे मात्र तिला जागा नव्हती.

वरची कवळी पहिल्याच दिवशी काढून घेतली होती आणि नाव लिहिलेल्या डबीत भावाच्या पिशवीत पडून होती. अकराव्या दिवशी नळी निघाली, तेव्हा आत्यांनी घोगऱ्या आवाजात आधी पाणी मागितले. गिळणे पूर्ववत झाले आहे की नाही हे चमच्याचमच्याने तपासल्याशिवाय ते देता येत नसल्याने संध्याकाळपर्यंत मिळाले नाही. मग त्यांनी कवळी मागितली.